उंबरा काढा, ढाळ द्या

आपल्याकडच्या बहुतेक बाथरूमच्या दारात ग्रॅनाइटची एक पट्टी असते. दीड-दोन इंच उंच, गवंड्याने कुणाला न विचारता बसवलेली. तिच्यामुळेच पाणी बाहेर येत नाही, अशी घरातल्या सगळ्यांची खात्री असते. चालता येणारा माणूस ती ओलांडतो आणि विसरून जातो. व्हीलचेअरवरच्या माणसाला ती विसरता येत नाही. खुर्चीची पुढची चाकं लहान असतात, अंघोळीच्या खुर्चीची तर चार-पाच इंचांचीच. ती पट्टीला थडकतात, खुर्ची जागच्या जागी थांबते आणि बसलेला माणूस पुढे झुकतो. मग घरातली दोन माणसं खुर्ची उचलून आत ठेवतात. रोज सकाळी.

पट्टी काढू या म्हटलं की पहिला प्रश्न येतो: पाणी बाहेर आलं तर? प्रश्न रास्त आहे. पण पट्टी पाण्याला फक्त थोपवून धरते. पाण्याला जाळीकडे नेण्याचं काम फरशीच्या ढाळाचं. ढाळ चुकलेला असला की दारातली पट्टी ती चूक वर्षानुवर्षं झाकून ठेवते, एवढंच.

ढाळ किती द्यायचा, इथेच खरी ओढाताण आहे. पाण्याला जास्त उतार हवा, खुर्चीला कमी. उतार वाढला की ओल्या फरशीवर खुर्ची आपोआप जाळीकडे सरकू लागते आणि खुर्चीवरून बाकावर सरकणाऱ्याचा तोल जातो. अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा कायदा 1990मध्ये झाला. त्याखालच्या 2010च्या मानकांनी ही मर्यादा 48 फुटांना एक फूट अशी ठरवली आहे. म्हणजे पाच फुटांत सव्वा इंच. त्याहून जास्त नाही. चाकांसह आत जाण्याच्या शॉवरला त्या मानकांत उंबरा जास्तीत जास्त अर्धा इंच चालतो, तोही पाव इंचाच्या वर तासून उतरता केलेला. अशा नियमांमागे खुर्चीत बसणाऱ्यांचा अनुभव आहे. ‘युनिव्हर्सल डिझाइन’, म्हणजे सर्वांना वापरता येईल अशी रचना, हा शब्दप्रयोग रूढ करणारे वास्तुरचनाकार रोनाल्ड मेस यांना लहानपणी पोलिओ झाला होता आणि ते स्वतः व्हीलचेअर वापरत.

तरीही ही मापं आंधळेपणाने उचलू नयेत. त्याच मानकांत किमान 30 इंच खोल आणि 60 इंच रुंद अशा शॉवरला परवानगी आहे आणि त्याची 60 इंचांची पूर्ण बाजू उघडी असते. अडीच फूट खोलीच्या जागेत माणूस खुर्चीसकट बसला की त्याचे गुडघे आणि त्यांवरून निथळणारं पाणी जवळजवळ बाहेरच. मापात बसणारी पण पाणी न धरणारी अशी ही रचना आहे. तिथेच एक दुसरा पर्यायही दिलेला आहे: 36 इंच खोल, 60 इंच लांब आणि लांब बाजूच्या एका टोकाला 36 इंचांचं प्रवेशद्वार. उरलेल्या दोन फुटांवर भिंत येते आणि ती भिंतच बरंचसं पाणी आत ठेवते. जागा असेल तर मी डोळे मिटून हा पर्याय घेईन.

आपल्या घरात अडचण आणखी वेगळी आहे. आपण बादली आणि मग घेऊन अंघोळ करतो. साधा शॉवर मिनिटाला नऊ-दहा लिटर पाणी सोडतो, तेही एकसारखं. लिटरभराचा मग डोक्यावर रिकामा व्हायला मात्र एक-दोन सेकंद लागतात. तेवढ्या क्षणापुरता तो शॉवरच्या तीन ते सहा पट वेग झाला. पाण्याचा लोंढा फरशीवर आदळतो आणि ढाळ मंद असला तर आधी चारी दिशांना पसरतो, मग परत फिरतो. म्हणून आपल्याकडे अंघोळीची जागा दारापासून जितकी दूर नेता येईल तितकी न्यावी. हँड शॉवरची सवय लागली तर उत्तमच. नळी दीड मीटरची असावी, बंद-चालूचं बटण हातातच असावं आणि तो बसण्याच्या जागेच्या अगदी शेजारच्या भिंतीवर असावा. फवारा दाराच्या दिशेने येईल अशा ठिकाणी शॉवर कधीही लावू नये. ही चूक फार दिसते आणि ती कुठल्याच ढाळाने भरून निघत नाही.

आता जाळी. आपला प्लंबर नहाणी ट्रॅप खोलीच्या मध्यावर किंवा कोपऱ्यात बसवतो आणि चारी बाजूंनी ढाळ त्याच्याकडे आणतो. अशा फरशीवर चार चाकांची खुर्ची कधीच नीट टेकत नाही, एखादं चाक अधांतरी राहतं. मागच्या भिंतीलगत लांबट पन्हाळीसारखी जाळी, म्हणजे लिनियर ड्रेन, घेतली तर सगळी फरशी एकाच बाजूला झुकते आणि खुर्ची स्थिर राहते. जाळीच्या फटी अर्ध्या इंचाहून रुंद नसाव्यात, नाहीतर चाक अडकतं. ती वर उचलून साफ करता यायलाच हवी. केसांनी तुंबलेली पन्हाळ ही पन्हाळच नव्हे.

दाराशी दुसरी फळी उभी करता येते. बाथरूमचा सर्वांत उंच बिंदू दारात ठेवायचा आणि कोरड्या भागालाही अगदी हलका ढाळ आतच द्यायचा. अंघोळीच्या जागेतून निसटलेलं पाणी आपसूक परत फिरतं. शिवाय दाराच्या आतल्या बाजूला एक अरुंद जाळी घातली, तर खुर्चीच्या चाकांवरून निथळणारं पाणी तिथे गळून जातं. हे पाणी लोक विसरतात. अंघोळ संपवून खुर्ची बाहेर येते तेव्हा ती स्वतःच पाण्याने भरलेली असते. चाकाखाली दबून पुन्हा उभी राहणारी रबरी पट्टीही मिळते. तात्पुरती सोय म्हणून ती चांगली, पण कालांतराने ती झिजते.

पडद्याबद्दल थोडं. शॉवर सुरू झाला की पडदा आत ओढला जाऊन ओल्या अंगाला चिकटतो. असं का होतं, याचा अभ्यास करणाऱ्या डेव्हिड श्मिट यांना 2001मध्ये इग नोबेल मिळालं होतं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं बक्षीस. आपल्यासाठी उपाय साधा आहे: खालच्या कडेला वजन असलेला जाड पडदा आणि छतालगतची सरकती पट्टी. अंघोळ घालायला दुसरं माणूस लागत असेल तर कमरेइतक्या उंचीचं अर्धं दार जास्त बरं. मदत करणारा वरून हात घालतो आणि स्वतः कोरडा राहतो.

पट्टी काढली की ओल दारापर्यंत येणार हे गृहीत धरून वॉटरप्रूफिंग दाराबाहेर फूटभर न्यावं लागतं. इथे काटकसर केली तर खालच्या बिऱ्हाडाशी संबंध बिघडतात. जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो आणि वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. हाच कोबा आपल्या कामाला येतो. तो काढून पाइप आणि जाळी खाली घेता आली, तर बाहेरच्या खोलीच्या पातळीत दार ठेवूनही आत सव्वा इंचाचा ढाळ मिळतो. नव्या इमारतींत पाइप बऱ्याचदा स्लॅबखालून टांगलेले असतात आणि वर भराव फारसा नसतो. तिथे बाहेरची फरशी दाराजवळ किंचित चढवून घ्यावी लागते. टाइल लावण्याआधी तळ पाण्याने भरून दोन दिवस तसाच ठेवायला सांगावं. गवंडी कुरकुरतो. कुरकुरू द्यावं.

मुंबई-पुण्याच्या फ्लॅटांत सर्वांत मोठी अडचण जागेची. खुर्ची पूर्ण वळवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. केंद्र सरकारच्या 2021च्या सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांतही हेच माप आहे. चार बाय सातच्या बाथरूममध्ये ते बसत नाही. संडास आणि न्हाणी शेजारी-शेजारी असतील तर मधली भिंत काढणं हा चांगला मार्ग आहे, अर्थात स्ट्रक्चरल इंजिनीअरला आणि सोसायटीला विचारून. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं.

पाण्याच्या उष्णतेकडेही लक्ष हवं. मणक्याला इजा झालेल्यांना पायावर उकळतं पाणी पडलं तरी कळत नाही. गीझरपुढे थर्मोस्टॅटचा मिक्सर बसवून नळाचं पाणी 49 अंशांच्या आत ठेवावं. टाइल गुळगुळीत घेऊ नका. लहान टाइल आणि जास्त सांधे असले की पकड चांगली मिळते.

आणि ठेकेदाराचा शेवटचा हप्ता देण्याआधी स्वतः दाराच्या आतल्या कडेवर बादलीभर पाणी ओता. ते आत वळलं तर पैसे द्या. बाहेर आलं तर ठेकेदार पट्टी बसवून देतो म्हणेल. त्याला नाही म्हणा आणि फरशी पुन्हा करायला लावा.