बॉनेटखाली ‘पाणी अडवा’ चालत नाही

पावसाळा तोंडावर आला की गाडीवाल्यांचं लक्ष बॉनेटच्या फटींकडे जातं. समोरची जाळी उघडी, हेडलाइटच्या कडेला बोटभर फट, पुढच्या काचेखाली आणखी एक जाळी. एवढ्या वाटांनी पाणी आत जाणार आणि इंजिनाचं वाटोळं होणार, हा हिशेब वरवर चोख वाटतो. मग कोणी कडेनं रबरी पट्टी चिकटवतं, कोणी इंजिनावर पॉलिथिन अंथरतं, तर कोणी वॉशिंग सेंटरवर डिझेलचा फवारा मारून घेतं. हिशेब चुकतो तो पहिल्याच पायरीवर. वरून पडलेल्या पावसानं आजचं इंजिन सहसा बिघडत नाही. घातक पाणी दोनच प्रकारचं असतं: आत येऊन बाहेरची वाट न सापडलेलं, आणि खालून चढत हवेच्या नळीच्या तोंडापर्यंत गेलेलं. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा शिवारात कितीही खरी असली तरी बॉनेटखाली ती उलटी लावावी लागते.

हा समज काही हवेतून आलेला नाही. ॲम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी किंवा सुरुवातीची मारुती 800 यांच्या इंजिनात प्लगना वीज वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर असे. त्याच्या कॅपमध्ये ओल शिरली की ठिणगी भलतीकडे पळायची आणि गाडी मिसिंग करत बंद पडायची. कसारा घाटात धुकं आणि पावसाच्या झडीत बॉनेट उघडून कॅप फडक्यानं पुसणं हा त्या काळच्या चालकांचा नित्याचा उद्योग होता. अशा गाड्यांवर प्लॅस्टिकची पिशवी बांधणाऱ्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण 2000च्या आसपास कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, पुढे डिस्ट्रिब्युटरही गेला आणि बहुतेक पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसली. डिझेल गाडीला तर ठिणगीच लागत नाही. यंत्र बदललं, भीती मात्र वारशानं पुढच्या पिढीकडे आली.

आता इंजिनाची खोली मुळात कशी असते ते पाहू. तिला खालून धड तळ नसतो. रेडिएटरला वारा हवा म्हणून ती समोरून उघडी असते. पावसात मालट्रकच्या मागे दोन किलोमीटर चाललं, तरी जाळीतून आत येणारं पाणी कुठल्याही फटीतल्या गळतीपेक्षा कितीतरी जास्त असतं. ते इंजिनाच्या उष्णतेनं वाळतं किंवा खाली गळून जातं. वायरिंगच्या महत्त्वाच्या जोडण्यांना रबरी सील असतात ते त्याचसाठी. बॉनेटच्या मागच्या कडेला कंपनीनं दिलेली रबरी पट्टी पावसासाठीच आहे, असं अनेकांना वाटतं. तिचं मोठं काम वेगळंच आहे: इंजिनाची गरम, वासट हवा काचेखालच्या जाळीतून एसीच्या ब्लोअरमध्ये ओढली जाऊ नये. उरलेल्या कडा स्वतः बुजवल्या तर वाऱ्याची वाट अडते. पॉलिथिन तर सरळ धोकादायक. एक्झॉस्टचा भाग काही शे अंशांपर्यंत तापतो, त्याला चिकटलेलं प्लॅस्टिक वितळतं, पेटूही शकतं, आणि पंख्यात अडकलं तर वेगळीच कटकट. डिझेलच्या फवाऱ्यानं इंजिन दोन दिवस चकचकीत दिसतं. पण डिझेलनं रबरी नळ्या आणि सील फुगतात, मऊ पडतात, म्हणजे पाणी अडवणारी गोष्टच आपण हातानं कमजोर करतो. त्यातून प्रेशर पंपाची धार कॉइलवर जवळून मारली तर ती सीलच्या आत घुसते. पावसाला तेवढा जोर नसतो.

यावर कोणी म्हणेल, पावसानंतर सकाळी गाडी मिसिंग करते, बॉनेट उघडलं तर इंजिनावर पाणी दिसतं, त्याचं काय? आक्षेप बरोबर आहे, आणि खरी दुरुस्ती इथेच आहे. वायपरच्या मुळाशी जी जाळी असते तिच्याखाली एक पन्हळ असते. गॅरेजमध्ये तिला काउल म्हणतात. काचेवरून ओघळलेलं सगळं पाणी या पन्हळीत उतरतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून पुढच्या चाकांच्या मागे जमिनीवर पडतं. गाडी गुलमोहर, कडुनिंब किंवा शिरीषाखाली उभी राहत असेल तर त्यांची बारीक पानं जाळीतून सहज आत जातात, कुजतात आणि भोकं बुजतात. पन्हळ तुंबली की पाणी इंजिनाच्या मागच्या बाजूवर किंवा ब्लोअरमधून केबिनमध्ये उतरतं. मॅट ओली झाली की दोष दरवाजाच्या रबराला देतात. काच बदलताना काउलचे क्लिप तुटले असतील तर एकाच जागी थेंब थेंब गळत राहतं, ते प्लगच्या खोबणीत साचतं, कॉइल गंजते आणि मिसिंग सुरू होतं. त्याकडे दुर्लक्ष करू नये. न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं. उपाय मात्र फारच साधा: मे महिन्यात जाळीतला पाला काढायचा, काचेच्या मुळाशी तांब्याभर पाणी ओतायचं आणि ते दोन्ही चाकांमागे पडतंय का ते वाकून पाहायचं.

खालून चढणाऱ्या पाण्याबद्दलचा समज जास्त महागात पडतो. साचलेल्या पाण्यात सायलेन्सर बुडाला की इंजिन गेलं, असं म्हणतात. इंजिन चालू असताना आतला धूर पाण्याला बाहेर ढकलत असतो. खरी मर्मजागा एअर फिल्टरकडे जाणाऱ्या नळीचं तोंड. गणित करून पाहा. चार सिलिंडरच्या 1200 सीसी इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्याला 300 सीसी येतात. दाबाचं प्रमाण 11 ला 1 धरलं तर पिस्टन वर पोहोचल्यावर जागा उरते सुमारे 30 मिलिलिटर, म्हणजे कटिंगचा अर्धा ग्लासही नाही. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. तेवढं पाणी आत असताना पिस्टन वर आला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करणं हीच सर्वांत मोठी चूक. विम्याचं म्हणाल, तर सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचं नुकसान धरलेलं असतं, पण पाणी आत गेल्यावर इंजिन फिरवल्यानं झालेली मोडतोड बहुतेकदा त्यातून वगळतात. इंजिन संरक्षणाचं कलम वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं.

नाशिकमध्ये हे पाणी डोक्यावरच्या ढगातून येईलच असं नाही. शहरात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो, इगतपुरीत त्याच्या चौपटीच्या आसपास. गोदावरी फुगते ती त्र्यंबकच्या डोंगरातल्या पावसानं आणि गंगापूर धरणाच्या विसर्गानं. 4 ऑगस्ट 2019च्या पुरात गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली होती. विसर्गाची सूचना आली की गोदाघाटावरची गाडी ऊन पडलेलं असलं तरी हलवावी. राहून गेली आणि पाणी बॉनेटपर्यंत चढलं, तर किल्लीला हात लावू नये. बॅटरीची तार सोडवून गाडी ओढून न्यावी. मेकॅनिकनं प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढेपर्यंत इंजिन फिरवायचं नाही. ऑइलची कांडी आधी ओढून पाहावी. तिच्यावरचं ऑइल दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर पाणी तळापर्यंत गेलं आहे, आणि ऑइल बदलल्याशिवाय ते इंजिन सुरू करता येणार नाही.