ढब्बूजींचे पंधराशे आठवडे आणि मीरा रोडचे ४१४ नळ

साल २००७. मुंबईलगतच्या मीरा रोडमधल्या १,६६६ घरांची बेल वर्षभरात एकाच माणसाने वाजवली. हातात विकायला काही नाही, मत मागायला आलेला नाही, वर्गणीची पावतीही नाही. शेजारी एक प्लंबर आणि मदतीला एक कार्यकर्ती. प्रश्न एकच: तुमच्याकडे एखादा नळ गळतो का? गळत असेल तर आत्ता, फुकट दुरुस्त करून देतो. वर्षाअखेरीस हिशोब लागला ४१४ नळांचा.

बेल वाजवणारे तेव्हा ७२ वर्षांचे होते आणि त्यांचं नाव आबिद सुरती. हिंदी वाचणाऱ्यांना ते ठाऊक होते ‘धर्मयुग’मधल्या ढब्बूजी या व्यंगचित्रातल्या पात्रामुळे. मराठी घरांत नाव कदाचित लक्षात राहिलं नसेल, पण ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधला केशरी कुर्ता आणि जीन्स घातलेला बहादूर ज्यांनी वाचला, त्यांनी सुरतींना वाचलंच आहे. ‘इंद्रजाल’चे वेताळ आणि मँड्रेक हे नायक परदेशातून आले होते. १९७६ साली आलेला बहादूर हा आपल्या मातीतला, डाकूच्या पोटी जन्मून डाकूंविरुद्ध उभा राहिलेला. लेखन सुरतींचं, चित्रं गोविंद ब्राह्मणियांची. १९६४ ते १९९० या काळात ‘इंद्रजाल’चे आठशेवर अंक निघाले आणि मराठीसह अनेक भाषांत ते वाचनालयांतून भाड्याने फिरले. एक अंक किती हातांतून गेला, याचा हिशोब कुणी ठेवला नाही. ठेवला असता तर बाकीचे आकडे किरकोळ वाटले असते.

सुरतींचा जन्म १९३५चा, गुजरातेतला. वाढले मुंबईत, डोंगरीच्या बाजूला. कॉमिक्सशी त्यांची गाठ कशी पडली, तो किस्सा ते स्वतः सांगत आले आहेत. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. बंदरावर उतरलेल्या सैनिकांना घेऊन छोटी गाडी रमतगमत व्ही.टी.कडे जायची आणि आजूबाजूची पोरं खाऊच्या आशेने तिच्यामागे धावायची. एकदा एका सैनिकाने खाऊऐवजी कॉमिक भिरकावलं. पोरं त्याच्यावर तुटून पडली, पुस्तकाच्या चिंध्या झाल्या आणि आबिदच्या हाती लागलं एक पान. मिकी माउसचं. हे तर मलाही काढता येईल, असं त्या पोराला वाटलं. पुढे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, गुजराती बालमासिकांतली चित्रं, कथा, कादंबऱ्या, नाटकं असा ऐंशीएक पुस्तकांचा पसारा झाला. ‘तीसरी आँख’ या कथासंग्रहाला १९९३ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सुरुवात त्या एका पानाची.

ढब्बूजी म्हणजे काळ्या झग्यात गुंडाळलेला बुटका गृहस्थ. बावळट दिसणारा आणि शेवटच्या चौकटीत समोरच्याची विकेट काढणारा. गुजरातीत जन्मलेला हा माणूस ‘धर्मयुग’मध्ये आला तो रिकामी जागा तात्पुरती भरायला, असं सांगतात. ही तात्पुरती सोय तीसेक वर्षं चालली. ‘धर्मयुग’ साप्ताहिक होतं. वर्षाचे ५२ आठवडे धरून तीस वर्षांचा सरळ गुणाकार केला तर १,५६० विनोद होतात. शेवटी शेवटी अंक पंधरवड्यावर गेला, म्हणून थोडे वजा करा आणि पंधराशेच्या आतबाहेर म्हणा. घरात आजारपण असो, डोकं रिकामं असो, मुंबई तुंबलेली असो, अंक छपाईला जायचा तेव्हा जायचाच. ‘प्रेरणा आली की लिहितो’ म्हणणाऱ्याला साप्ताहिकात कुणी टिकू देत नाही.

मला तर वाटतं, मीरा रोडचे ते नळ याच शिस्तीतून दुरुस्त झाले. कारण ती मोहीमही साप्ताहिकच होती. एखाद्या सोसायटीच्या सेक्रेटरीची परवानगी काढायची, आदल्या दिवशी जिन्यापाशी पोस्टर लावायचं, पत्रकं वाटायची आणि रविवारी सकाळी घरोघर फिरायचं. १,६६६ घरं भागिले ५२ रविवार, म्हणजे रविवारी ३२ घरं. चार-पाच मजल्यांची एक इमारत. आकडा एकदम पाहिला तर छाती दडपते, आठवड्यावर आणला तर सकाळच्या नाश्त्यापासून दुपारच्या जेवणापर्यंतचं काम.

मोहिमेचं निमित्त घडलं एका मित्राच्या घरी. नळ टपटपत होता. मित्र म्हणाला, एवढ्याशा कामाला प्लंबर येत नाही. हे मुंबईत कुणाला पटवून द्यावं लागत नाही. बाथरूम फोडायची असेल तर चार प्लंबर येतात, वॉशर बदलायला एकही नाही. चकतीएवढं ते रबर, किंमत दोन-चार रुपये. चावीखालचं रबर झिजलं की चावी कितीही आवळा, थेंब वाट काढतोच. सुरतींच्या लहानपणी आई पहाटे चारला उठून बादलीभर पाण्यासाठी रांगेत उभी राहायची. तो टपटप आवाज त्यांना सहन झाला नाही, यात नवल नाही. पैसा नव्हता, तो आला उत्तर प्रदेशच्या हिंदी संस्थानाकडून, साहित्यसेवेच्या एक लाख रुपयांच्या पुरस्काराच्या रूपाने. ‘ड्रॉप डेड फाउंडेशन’ उभं राहिलं. नावातला चिमटा व्यंगचित्रकाराचाच.

आता गणित. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ महिन्याला हजार लिटर वाया घालवतो, असं सुरतींनी वर्तमानपत्रात वाचलं होतं. ४१४ नळ, म्हणून वाचलेलं पाणी ४ लाख १४ हजार लिटर. हा आकडा बातम्यांतून देशभर फिरला. पण हजार लिटर जरा तपासून पाहू. दिवसाचे सेकंद ८६,४००. सलाईनच्या नळीचं माप २० थेंबांना एक मिलिलिटर. त्या मापाने दिवसाला ४ लिटर ३२० मिलिलिटर आणि महिन्याला सुमारे १३० लिटर होतात. नळाचं तोंड रुंद, थेंब जरा मोठा, हे मान्य. तरी हजार लिटरसाठी तो जवळजवळ आठपट फुगवावा लागेल. व्यंगचित्रात नाक आठपट चालतं, हिशोबात नाही.

पण गंमत पुढे आहे. ४१४ नळांना प्रत्येकी हजार लिटर म्हणजे सुरतींनी धरली फक्त एका महिन्याची बचत. वॉशर काही महिन्याने विरघळत नाही. तोच किरकोळ, सलाईनचा थेंब घ्या आणि नळ वर्षभर कोरडा राहिला असं धरा, तर बचत होते साडेसहा लाख लिटर. थेंब फुगवला आणि काळ आखडला. गोळाबेरीज केली तर आकडा कमीच सांगितला गेला.

त्याहून मला अस्वस्थ करतो तो दुसरा भागाकार. १,६६६ घरांत ४१४ नळ, म्हणजे चार घरांमागे एक. मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ९३ लाख ५६ हजार ९६२. घरटी पाच माणसं धरली तर पावणेएकोणीस लाख घरं होतात. यातल्या कितीतरी झोपड्यांत गळायला नळच नाही, हे विसरू नका. तरी वादापुरतं मीरा रोडचंच प्रमाण अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीला लावलं तर पावणेपाच लाखांच्या आसपास ठिबकते नळ निघतात. लहान थेंबाने रोज वीस लाख लिटर पाणी जातं. दहा हजार लिटरचे दोनशे टँकर. सोसायटीत एक टँकर आला तर मीटिंगमध्ये तासभर भांडण होतं.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला तुळशी तलाव भरल्यावर ८,०४६ दशलक्ष लिटर पाणी धरतो. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ना, तर सेकंदाला एक थेंब गळणाऱ्या एका नळाला तुळशी भरायला ५१ लाख वर्षं लागतील. त्या पावणेपाच लाख नळांना? अकरा वर्षं.

पुढे फाउंडेशनच्या नावावर एक कोटी लिटर पाणी वाचवल्याची नोंद झाली. मुंबईला रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणीपुरवठा होतो, त्या वेगाने हे एक कोटी लिटर पावणेचार मिनिटांत संपतं. गॅसवर चहा उकळायला ठेवावा आणि तेवढ्यात पाणी संपावं. आता उलट बघा. शहरासाठी माणशी १३५ लिटर हा सरकारी निकष. पाच माणसांच्या एका कुटुंबाला तेच एक कोटी लिटर चाळीस वर्षं पुरतं. महापालिकेच्या जलवाहिन्यांतून रोज शेकडो दशलक्ष लिटर गळतं, त्यापुढे वॉशर बदलून काय होणार, असं विचारणारे भेटतात. प्रश्न चुकीचा नाही, पण तो विचारणाऱ्याच्या स्वयंपाकघरातला नळ त्या उत्तराची वाट पाहत थांबत नाही. मोठ्या जलवाहिनीची गळती निविदेने थांबते आणि तिचा पाठपुरावा व्हायलाच हवा. घरातल्या नळाला निविदा लागत नाही.

तेव्हा आज रात्री भांडी घासून झाल्यावर नळाखाली एक मिनिट उभे राहा आणि थेंब मोजा. जो आकडा येईल त्याला ७२ने गुणा. दिवसभरात किमान किती मिलिलिटर गेलं, ते कळेल. आणि प्लंबर आलाच नाही, तर टाकीकडून घरात येणाऱ्या पाण्याची चावी बंद करून वॉशर स्वतः बदला. पान्याने पाच मिनिटांचं काम आहे.