पंखा बंद करा

"पंखा बंद करा," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि स्वतः उठून त्यांनी खिडकी ओढून घेतली. पौडजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेचा तो वर्ग. जुलैचा पाऊस पत्र्यावर वाजत होता. त्याला काही इलाज नव्हता. सर ओसरेपर्यंत त्या समोरच्या पोराशी त्याच्या घरच्या गाईच्या वासराबद्दल बोलत राहिल्या. तेवढा वेळ स्टेथोस्कोपची चकती त्यांच्या मुठीत होती. गार चकती छातीला लागली की मूल दचकतं, श्वास रोखून धरतं आणि ठोके वाढतात. म्हणून आधी ती तळव्यात उबदार करून घ्यायची.

मी तिथे गेले ती माझ्या भाचीमुळे. ती पाचवीत असताना एका तपासणीत, गजबजलेल्या खोलीत, कुणीतरी तिच्या छातीला दोन-चार सेकंद स्टेथोस्कोप टेकवला आणि "हृदयात आवाज आहे" असं सांगून पुढच्या मुलीला बोलावलं. घरात सगळ्यांचं धाबं दणाणलं. दोन वर्षं आम्ही तिला पळू दिलं नाही. खो-खोच्या संघातून तिचं नाव काढून घेतलं. शेवटी इको केला तेव्हा कळलं की हृदय ठणठणीत आहे आणि तो आवाज निरुपद्रवी आहे. तेव्हापासून मला बघायचं होतं, की हे ऐकणं नीट करतात तेव्हा कसं करतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा जातात. डॉक्टरबाई अशाच एका पथकातल्या. वजन, उंची, डोळे, दात, त्वचा हे सगळं भराभर उरकत होतं. छातीपाशी आलं की मात्र रांग थांबायची.

डॉक्टरबाई चार जागी ऐकत. छातीच्या हाडाच्या उजवीकडे वर, डावीकडे वर, डाव्या कडेने खाली आणि मग हृदयाचं टोक जिथे बोटाला लागतं तिथे. दुसऱ्या हाताची दोन बोटं मुलाच्या मानेवरच्या नाडीवर. "नाडी उसळते तेव्हाचा आवाज लब. त्यानंतरचा डब. हे पक्कं झाल्याशिवाय पुढचं काही खरं नाही," त्या म्हणाल्या.

लब आणि डब हे झडपा मिटल्याचे आवाज. हृदय आवळलं की वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या दोन झडपा मिटतात, तो लब. रक्त बाहेर गेलं की मोठ्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी असलेल्या दोन झडपा मिटतात, तो डब. या दोन्हींच्या मध्ये शांतता असायला हवी. तिथे फुसफुस, खरखर किंवा गुणगुण ऐकू आली तर ती मर्मर. लब आणि डबच्या मधली मर्मर पुष्कळदा साधी असते. डबनंतरच्या, हृदय भरण्याच्या वेळात ती आली, तर डॉक्टरबाई मुलाला पुढे पाठवतातच.

मोठा आवाज म्हणजे मोठा आजार असंही नाही. खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याला बारीक छिद्र असलं की रक्त जोराने घुसतं आणि आवाज दणकून येतो. तेच छिद्र मोठं असलं तर आवाज हलका असू शकतो. हे ऐकून मला धस्स झालं. आम्ही तर आवाज या एका शब्दावरच घाबरलो होतो.

त्यांनी एका मुलाच्या छातीवर डावीकडे वर चकती धरून नळ्या माझ्या कानांत दिल्या. "श्वास घे रे बाळा, मोठा." डब फुटला. ड-डब. श्वास सोडताच पुन्हा एक झाला. श्वास आत घेतला की हृदयाच्या उजव्या बाजूला रक्त जास्त येतं, तिथली झडप क्षणभर उशिरा मिटते. निरोगी मुलात हे फुटणं आणि जुळणं श्वासाबरोबर चालतं. स्टेथोस्कोपची सुरुवातच अशी झाली: १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक या डॉक्टराने कागदाची सुरळी करून एका रुग्ण तरुणीच्या छातीला लावली. लाकडाच्या एका टोकाला टाचणीने खरवडलं तर दुसऱ्या टोकाला कान लावून ऐकू येतं, हे त्याला आठवलं होतं. दोनशे वर्षांनंतरही हे काम कान आणि शांतता यांवरच चाललं आहे.

"जन्मणाऱ्या हजार बाळांत आठ-नऊ जणांच्या हृदयात दोष असतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. मुख्याध्यापकांनी लगेच हिशोब मांडला. "आमची एकशे बारा पोरं. म्हणजे एखादंच."

ते एखादं मूल चौथीच्या रांगेत निघालं. अंगाने किरकोळ मुलगी. डॉक्टरबाई डावीकडे वर थांबल्या. श्वास घे, सोड. पुन्हा घे, सोड. पंखा आधीच बंद होता, तरी त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिल्या. डब फुटत होता, पण श्वास सोडल्यावर जुळत नव्हता. वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असलं की असं होतं. लहानपणी मूल पळतं, खेळतं, काही जाणवत नाही. त्रास पुष्कळदा मोठेपणी सुरू होतो.

आईला भातलावणीतून बोलावून आणलं. पायांवरचा चिखल ओला होता. "मला शंका आहे, ताई. खात्री इको केल्यावरच होईल. छिद्र असलंच तर बंद करता येतं, बऱ्याचदा मांडीतल्या शिरेतून नळी घालून." आई एवढंच म्हणाली, "हजारात आठ, आणि त्यात माझी?" डॉक्टरबाईंनी तिचा फोन नंबर लिहून घेतला, शेजारणीचाही घेतला आणि पुण्याला जायची तारीख ठरवली. "चिठ्ठी दिली म्हणजे मूल पोचलं असं होत नाही," त्या मला नंतर म्हणाल्या.

शेवटचा मुलगा सहावीतला. त्यालाही मर्मर होती, तार छेडल्यासारखी गोड. मला वाटलं, आता यालाही पुण्याला धाडतील. त्यांनी त्याला आडवं करून ऐकलं, मग उभं करून. उभा राहिल्यावर आवाज जवळजवळ विरला. लहानपणी कधी ना कधी निम्म्या मुलांत तरी असा निरुपद्रवी आवाज सापडतो. पळताना धाप लागते का, कधी चक्कर आली का, हे विचारून झालं. वजन-उंची ठीक होती. डब श्वासाबरोबर फुटून जुळत होता.

त्यांनी कार्डावर सावकाश, सुटसुटीत अक्षरात लिहिलं: निरुपद्रवी आवाज. पळण्या-खेळण्यावर कोणतीही बंदी नाही. खाली रेघ ओढली आणि दाराशी थांबलेल्या वडिलांना ते मोठ्याने वाचून दाखवलं. पोरगं सदरा हातात घेऊनच भिजत पटांगणात धावलं.

मी ती ओळ वहीत उतरवून घेतली. माझ्या भाचीच्या कार्डावर एवढीच ओळ हवी होती.