चार तारांचं इंजिन

बेंगळुरूच्या टाउन हॉलपासून जेसी रोड धरून मिनर्व्हा सर्कलकडे चालत निघालं की मोटारीच्या सुट्या भागांची दुकानं सुरू होतात. क्लचप्लेट, हेडलाइट, रेडिएटर, मागाल ते. तिथून हाकेच्या अंतरावर एसपी रोड आहे. रिले, तारा, रेझिस्टर, तळहातावर मावणारे मायक्रोकंट्रोलर बोर्ड हवे असतील तर ते तिथे मिळतात. तिसरा बाजार शिवाजीनगरच्या गुजरीचा. मोडीत निघालेल्या गाड्यांची इंजिनं, गिअरबॉक्स, कापून काढलेली वायरिंग तिथे येते आणि दखनी, तमिळ, कन्नड अशा तिन्ही भाषांत त्यांचे भाव ठरतात.

या तीन बाजारांच्या आधारानं शहरात एक कसब टिकून आहे: एका गाडीचं इंजिन दुसऱ्या गाडीत बसवण्याचं. त्यातही जुनं, साधं इंजिन नव्या गाडीत. हौशी लोक फोटो काढतात ते फाउंडेशनचे, वेल्डिंगचे, नव्यानं तोललेल्या जॉइंट शाफ्टचे. डॅशबोर्डखाली पाठीवर झोपून, तोंडात टॉर्च धरून तारा शोधणारा माणूस कुठल्याच फोटोत नसतो. माझ्या मते या कामातला खरा कारागीर तोच आहे.

जुनं इंजिन कशासाठी हवं असतं? कोडगूच्या कॉफीच्या मळ्यात पावसाळ्यात फिरणाऱ्या किंवा सकलेशपूरच्या चिखलात उतरणाऱ्या माणसाला असं डिझेल इंजिन हवं असतं, जे गावातला मेकॅनिक पान्यानं दुरुस्त करू शकेल. क्वालिसचं इंजिन त्यासाठी नावाजलेलं आहे. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरू झालेलं किर्लोस्कर हे नाव टोयोटाच्या जोडीनं बेंगळुरूजवळच्या बिडदीला पोचलं आणि २००० साली तिथून क्वालिस बाजारात आली. २,४४६ सीसीचं डिझेल इंजिन, टर्बो नाही, इंधनाचा पंप पूर्ण यांत्रिक. २००५ साली तिची जागा इनोव्हानं घेतली आणि इनोव्हाच्या कॉमन रेल इंजिनाबरोबर कॉम्प्युटर आला, म्हणजे ईसीयू. क्वालिस थांबली, पण तिची इंजिनं अजून दुसऱ्यांच्या बोनेटखाली धडधडताहेत.

असं इंजिन चालायला किती तारा लागतात? मोजून चार. पंपावरच्या सोलेनॉइडला एक तार, चावी फिरवली की तिच्यात करंट येतो आणि डिझेलची वाट उघडते. चावी काढली की वाट बंद, इंजिन बंद. सेल्फला एक. हीटर प्लगला एक, तीही जाड, रिलेमधून. आणि अल्टरनेटरकडून बॅटरीकडे येणारी. ऑइलचा आणि तापमानाचा मीटर धरला तर आणखी दोन. रिलेच्या बुडाला आकडे कोरलेले असतात: ३० म्हणजे बॅटरीचा थेट करंट, ८५ आणि ८६ म्हणजे आतली कॉइल, ८७ म्हणजे पुढे जाणारी तार. हे आकडे जर्मन मानकातले. जेसी रोडवरच्या पोराला ते पाढ्यांसारखे पाठ असतात.

पण बॅटरी आणि इंजिन यांच्यामध्ये नवी गाडी उभी असते, आणि तिला चार तारांचं इंजिन समजतच नाही. तिचा ईसीयू इंजिन सांभाळतो, शिवाय इंजिनाची खबर साऱ्या गाडीला देतो. किती आरपीएम, पाणी किती गरम, एसी लावायचा का, रेडिएटरचा पंखा केव्हा फिरवायचा. ईसीयू काढला की ती खबर थांबते. इंजिन सुरू होतं, आवाजही छान येतो, पण मीटरचा काटा शून्यावर. पुष्कळ गाड्यांत इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगला इंजिन चालू असल्याचा निरोप मिळत नाही, त्यामुळे स्टिअरिंग दगडासारखं जड. एसी नाही, पंखा नाही, डॅशबोर्डवर पिवळे दिवे.

हे निरोप ज्या दोन तारांवरून जातात त्यांना कॅन बस म्हणतात. एकमेकींना पिळलेल्या दोनच तारा, आणि गाडीतले सगळे छोटे कॉम्प्युटर त्यांवरून बोलतात. ही पद्धत बॉश कंपनीनं १९८६ साली डेट्रॉइटच्या परिषदेत मांडली. इथे मला बेंगळुरूचं विशेष वाटतं. बॉशचीच मायको कंपनी १९५१ साली सुरू झाली आणि बेंगळुरूतल्या आडुगोडीच्या तिच्या कारखान्यात डिझेलचे पंप आणि स्पार्क प्लग बनू लागले. नाशिकच्या मायको सर्कलमुळे हे नाव मराठी माणसाच्या तोंडीही आहे, आणि ट्रॅक्टरचा ‘मायको पंप’ आपल्या शेतकऱ्याला वेगळा सांगावा लागत नाही. २००८ साली मायकोचं नाव बॉश लिमिटेड झालं. पुढे कारखान्याचं काम बिडदीकडे गेलं आणि आडुगोडीची जागा आता सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची आहे. यांत्रिक पंप आणि त्याला मोडीत काढणारं सॉफ्टवेअर, दोन्ही एकाच आवारातलं. त्या दोन पिढ्यांची गाठ गॅरेजमधला वायरिंगवाला घालतो.

चांगला कारागीर कामाला लागतो तो इंजिन उतरवण्याच्या आधी. मूळ इंजिन चालू ठेवून, स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या ओबीडी सॉकेटला लॅपटॉप जोडून तो कॅन बसवरचे निरोप टिपून घेतो: उभ्या गाडीत, रेस दिल्यावर, इंजिन गरम झाल्यावर. आरपीएम वाढताना कोणत्या निरोपातला कोणता आकडा हलतो, हे त्याला पाहायचं असतं. एकदा इंजिन गुजरीत गेलं की ही संधी संपते. मग एसपी रोडवरचा एक बोर्ड तो गाडीत बसवतो. बोर्ड अल्टरनेटरच्या ‘डब्ल्यू’ टर्मिनलवरून इंजिनाचा वेग मोजतो, पाण्याचं तापमान सेन्सरकडून घेतो आणि जुन्या ईसीयूच्या बोलीत तेच आकडे सेकंदाला कित्येक वेळा बसवर टाकतो. मीटरचा काटा उठतो, स्टिअरिंग हलकं होतं.

तरीही कधी सगळं शांत असतं. तेव्हा तो बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ या पिनांमध्ये मल्टिमीटर लावतो. ६० ओहम आले तर बस ठीक. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर नाही. कॅन बसच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर लागतो, आणि पुष्कळ गाड्यांत त्यातला एक ईसीयूच्या पोटात असतो. ईसीयू काढला तेव्हा तोही गेला. काही रुपयांत मिळणारा तो तुकडा डाग देऊन जोडला, वर स्लीव्ह चढवली, की गाडी पुन्हा बोलू लागते. हे ज्याला माहीत नसतं त्याचे आठ दिवस वाया जातात.

चार्जिंगचा दिवाही असाच. अनेक जुन्या अल्टरनेटरना जागं व्हायला डॅशबोर्डवरच्या बल्बमधून येणारा थोडा करंट लागतो. नव्या मीटरमध्ये बल्बऐवजी एलईडी असतो, आणि त्यातून तेवढा करंट जात नाही. बॅटरी चार्ज होत नाही आणि दोष अल्टरनेटरवर येतो. एलईडीला समांतर एक रेझिस्टर जोडला की काम भागतं.

सर्वांत जास्त घात मात्र अर्थिंग करतं. इंजिन रबरी फाउंडेशनवर बसतं, त्यामुळे चेसिसपासून ते तुटलेलं असतं. अर्थची जाड पट्टी बसवायची राहिली तर सेल्फ मारताना शेकडो अँपिअरचा करंट मिळेल त्या वाटेनं परत जातो, बहुधा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून. केबल हाताला चटका देते, कधी आतून वितळते. म्हणून जाणता माणूस आधी रंग खरवडून लखलखीत लोखंड उघडं करतो, तिथे लग आवळतो, आणि मग सेल्फ मारताना इंजिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्ये व्होल्टेज मोजतो. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की तो पुन्हा पाना उचलतो.

कायद्याचं इथे स्पष्ट सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. इंजिन बदलायला आरटीओची मंजुरी लागते. त्यात बेंगळुरूत बीएस-४ हे धुराचं मानक २०१० मध्ये लागू झालं आणि देशभर बीएस-६ हे २०२० पासून लागू आहे. नव्या गाडीत जुन्या मानकाचं इंजिन घालून रस्त्यावर फिरणं म्हणजे धूर वाढवणं आणि विम्याचा दावा गमावण्याची जोखीम पत्करणं. हे काम मळ्याच्या आणि बंदिस्त ट्रॅकच्या गाड्यांपुरतंच असावं, असं माझं ठाम मत आहे.

आणि ज्यांनी असं काम करून घेतलं आहे किंवा घेणार आहेत, त्यांना एक विनंती. गाडी ताब्यात घेताना वायरिंगवाल्याकडून कागदावर नकाशा मागून घ्या: कोणत्या रंगाची तार कुठून कुठे गेली, कोणता रिले कशाचा, नव्यानं जोडलेला रेझिस्टर कुठे आहे, बोर्डावर कोणतं सॉफ्टवेअर आहे. त्याखाली त्याचं नाव आणि तारीख लिहून घ्या, कागदाला प्लास्टिक लावा आणि तो ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. पाच वर्षांनी मडिकेरीच्या पावसात गाडी बंद पडेल, तेव्हा बोनेट उघडणारा माणूस वेगळाच असेल.