बाणाची खाच

बाणाचे चित्र काढायला सांगितले, की आपण आधी टोक काढतो, मग मागची पिसे. पिसांच्याही मागे दोरी बसण्यासाठी एक बारीक खाच असते, ती चित्रात राहूनच जाते. पौराणिक मालिकांत बाणाच्या टोकातून आग निघते, पाऊस पडतो, नाग सुटतात. दोरी कशात अडकली आहे याची चौकशी कोणी करत नाही. लाकडी धनुष्य वापरणारा, बोटांखेरीज दुसरे साधन नसलेला पारंपरिक तिरंदाज मात्र नवा बाण हाती आला की आधी तो उलटा धरून मागची बाजू पाहतो. आजच्या मैदानांवर या खाचेला ‘नॉक’ म्हणतात. खाच आणि दोरीची जाडी यांचे जमले नाही तर चांगला नेमही वाया जातो. दोष आपल्याच हातात आहे असे समजून माणूस मग महिनोन्‌महिने हात सुधारत बसतो.

खाचेला एकमेकांच्या विरुद्ध अशी दोन कामे करायची असतात. दोरी ओढली जात असताना आणि नेम धरलेला असताना बाण दोरीवरून हलता कामा नये. दोरी सुटून पुढे येऊन थांबली, की तत्क्षणी तो तिच्यापासून मोकळा व्हायला हवा. पकड वाढवली तर सुटका बिघडते, सुटका सोपी केली तर पकड जाते.

सैल खाचेचा धोका उघड आहे. दोरी ओढताना खाच वर-खाली घसरते, त्यामुळे प्रत्येक बाण दोरीच्या थोड्या वेगळ्या जागेवरून सुटतो आणि निशाणावरचे बाण वर-खाली विखुरतात. याहून वाईट म्हणजे पूर्ण ताण घेतलेला असताना खाच दोन-चार मिलिमीटर पुढे सरकते आणि तिरंदाजाला ते कळतही नाही. बोटे सुटतात, दोरी रिकामी पुढे धावते किंवा बाणाला कडेने लागते. धनुष्यात साठलेली जी ताकद बाण घेऊन जायचा, ती आता धनुष्याच्याच अंगावर येते. रिकामी दोरी कधी सोडू नये हे तिरंदाजी शिकवताना पहिल्याच दिवशी सांगतात ते याचसाठी. लाकडी धनुष्याचे पाते अशा एका फटक्यात मोडू शकते.

घट्ट खाच त्यामानाने सभ्य दिसते. बाण दोरीवर ‘टक्’ करून बसतो, पडत नाही, नवशिक्याला धीर येतो. तिचे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, कारण ते सेकंदाच्या काही शतांश भागांत होऊन जाते. क्लॅरेन्स हिकमन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने 1930च्या दशकात अतिवेगवान चित्रीकरण करून बाण सुटतानाच्या हालचाली टिपल्या. बोटांवरून दोरी सरळ सुटत नाही; ती बोटांच्या टोकांना वळसा घालून आधी किंचित कडेला जाते. तिच्यामागे बाणाचे शेपूट कडेला ढकलले जाते, दांडा वाकतो, मग उलट्या बाजूला वाकतो आणि असा लवलवतच धनुष्याच्या दांड्याला वळसा घालून निघून जातो. बाणाचा दांडा किती लवचीक असावा याचा सगळा हिशेब या लवण्यावर बसवलेला असतो. खाच घट्ट असेल तर दोरी बाणाला वेळेवर सोडत नाही. दोरी थांबलेली, बाण पुढे निघालेला, आणि शेपटीला अजून एक हिसका. बाण लाटांवरून गेल्यासारखा डोलत जातो. त्यावर बहुतेक जण दोरीवरची बाण लावण्याची जागा वर-खाली करून पाहतात. जागा बरोबरच असते, दोष खाचेच्या घट्टपणात असतो.

घट्टपणाचा आणखी एक परिणाम बोटांतून येतो. युरोपी पद्धतीत तर्जनी बाणाच्या वर आणि दोन बोटे खाली धरून दोरी ओढतात. ताण वाढला की बोटे वळतात आणि दोरीला पीळ बसतो. घट्ट खाच हा पीळ जसाच्या तसा बाणाला देते आणि बाणाचा पुढचा भाग धनुष्यापासून दूर सरकून मुठीवरून खाली पडतो. सैलसर खाच त्यातला बराचसा पीळ गिळून टाकते.

हे सगळे जुन्या कारागिरांना चित्रीकरणाशिवाय ठाऊक होते. रॉजर अ‍ॅशम हा केंब्रिजचा विद्वान, पुढे राजकन्या एलिझाबेथचा शिक्षक झाला. 1545 साली त्याने ‘टॉक्सोफिलस’ हे इंग्रजीतले तिरंदाजीवरचे पुस्तक छापले आणि आठव्या हेन्रीला अर्पण केले. ग्रीक-लॅटिनमध्ये मुरलेला हा माणूस खाचेवर लिहायला लागला की थेट कारागिरासारखा बोलतो. रुंद खाच त्याला अजिबात मान्य नाही: तिने बाणही फुटतो आणि दोरीवरून अचानक निसटतोही, अरुंद खाच दोन्ही टाळते. लढाईसाठी खोल, लांब खाच चांगली, कारण दोरी तिच्यात पक्की राहते. निशाण्यावर मारायच्या बाणांना उथळ, गोलसर खाच हवी, कारण तिच्यातून बाण स्वच्छ सुटतो. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही, की अ‍ॅशम ‘उत्तम खाच कोणती’ असे विचारतच नाही. खाच कशासाठी हवी, हे तो आधी ठरवतो.

योगायोग असा, की त्याच 1545च्या 19 जुलैला याच हेन्रीचे ‘मेरी रोझ’ हे लढाऊ जहाज पोर्ट्समथच्या जवळ बुडाले. 11 ऑक्टोबर 1982 रोजी त्याचा सांगाडा वर काढला गेला. त्या अवशेषांत 172 धनुष्ये आणि हजारो बाण मिळाले, बरेचसे बाण पॉप्लर जातीच्या हलक्या लाकडाचे. त्या धनुष्यांचा ताण सुमारे 45 ते 84 किलोच्या घरात असावा असा अंदाज आहे. एवढ्या ताकदीने दोरी लाकडात कापलेल्या खाचेच्या तळाशी आदळली तर दांडा उभा चिरत जाईल. म्हणून दोरीच्या खाचेला काटकोनात दुसरी, सुमारे दोन इंच खोल चीर पाडून तिच्यात शिंगाची पातळ चिप बसवत. दोरीचा धक्का ती चिप झेलायची. शिंग समुद्राच्या पाण्यात विरून गेले. रिकाम्या चिरा राहिल्या.

दोऱ्यांतली तर एकही उरली नाही. मग त्या किती जाड होत्या हे कसे ठरवायचे? संशोधकांनी खाच मोजली. ती साधारण तीन मिलिमीटर रुंद भरते, म्हणजे बाण जिथे लावतात तिथे दोरीही जेमतेम तेवढीच असणार. तेवढ्याशा तागाच्या दोरीने एवढा ताण कसा पेलला, यावर हुबेहूब तशी धनुष्ये बनवणारे आजही डोके खाजवतात. पण खाच आणि दोरी जोडीनेच घडतात, एवढ्या एका गोष्टीवर नाहीशा झालेल्या वस्तूचे माप सापडले, हे मला त्या साऱ्या उत्खननातले फार देखणे अनुमान वाटते.

घोड्यावर बसलेल्या तिरंदाजाला अ‍ॅशमची उथळ खाच नकोच असते. घोडा उधळतो, बाण लावल्यावर दोरीवर क्षणभर विसंबून राहावे लागते. उस्मानी तुर्कांच्या बाणांत म्हणून खाचेचे ओठ आत वळलेले असत: तोंड दोरीपेक्षा अरुंद, आत मोकळी जागा. ओठांना किंचित लवचीकपणा असल्यामुळे दोरी टिचबटणासारखी आत बसते. हे शेपूट वेगळ्या लाकडाचे करून सरसाने जोडत आणि वर जनावरांच्या कंडरांचे तंतू गुंडाळत. शिवाय तुर्क दोरी अंगठ्याने ओढत आणि बाण धनुष्याच्या उजव्या बाजूला ठेवत. त्यांच्या हाताचा पीळ बाणाला धनुष्यावर दाबतो. ज्या घट्टपणाने इंग्रज तिरंदाजाचा बाण मुठीवरून पडतो, तोच घट्टपणा इथे मदतीला येतो.

क्यूदो या जपानी तिरंदाजीत प्रश्नाला दुसऱ्या टोकाने हात घातला आहे. तिथे खाच तशीच ठेवून दोरी बदलतात. दोरीच्या ज्या भागावर बाण बसतो तिथे धनुर्धर स्वतः सरस लावून तागाचे तंतू गुंडाळतो आणि दोन लहान लाकडी ठोकळ्यांमध्ये धरून ते घोटतो. या जाड केलेल्या भागाला ‘नाकाजिकाके’ म्हणतात. तो बारीक झाला तर बाण पडतो, जाड झाला तर खाच फाटते. दोरी तुटणे तिथे नित्याचे. म्हणून घोटून तयार केलेली जादा दोरी जवळ ठेवतात. क्योतोच्या सान्जूसान्गेन्दो मंदिराच्या सुमारे 120 मीटर लांब ओसरीत 1686 साली वासा दाइहाचिरो याने एका अहोरात्रात 13,053 बाण सोडले आणि त्यांतले 8,133 शेवटापर्यंत पोचवले अशी नोंद आहे. सरासरी दर साडेसहा सेकंदांना एक बाण. या वेगात खाच डोळ्यांनी बघायला सवड कुठली? ती दोरीवर बसली की नाही, हे बोटांनाच कळले पाहिजे.

आज लाकडी बाण बनवणारे बरेच जण दांड्याचे शेपूट अकरा अंशांत निमुळते करून त्यावर प्लास्टिकची नॉक चिकटवतात. ज्यांना ते पाप वाटते ते हॅकसॉची तीन पाती एकत्र बांधून लाकडातच खाच पाडतात. पण आधी दांड्याच्या टोकावर वर्षवलये पाहायची आणि खाच त्यांना आडवी पाडायची, वलयांच्या रेषेत नाही. नाहीतर दोरी पाचरीसारखी शिरून लाकूड उभे फाडते. खाचेच्या खाली दोरा घट्ट गुंडाळायचा, तोही याचसाठी.

माप तपासण्याची जुनी युक्ती सोपी आहे. धनुष्य आडवे धरायचे, बाण दोरीला खालून लावून टोक जमिनीकडे लटकवायचा. आपल्याच वजनाने पडला तर सैल. लटकत राहिला, तर खाचेपासून थोड्या अंतरावर दोरीला टिचकी मारायची. त्यावर सुटला तर बरोबर, नाही सुटला तर घट्ट. पायांवर उभे राहून बोटांनी मारणाऱ्यासाठी ही परीक्षा पुरेशी आहे. घोडेस्वाराने मात्र ती मनावर घेऊ नये. भात्यातले सगळे बाण सारख्याच टिचकीला सुटतात का, हेही पाहायचे. सगळेच जरा घट्ट असतील तर हात जुळवून घेतो. एक घट्ट, एक सैल असेल तर कोणताही हात जुळवून घेऊ शकत नाही.

नव्या कृत्रिम धाग्यांमुळे हा प्रश्न पुन्हा वर आला आहे. डॅक्रॉन या जुन्या धाग्याच्या जाडसर दोरीसाठी घेतलेली नॉक नव्या, बारीक आणि कमी ताणल्या जाणाऱ्या दोरीवर खुळखुळते. मग दोरीच्या मध्यावर जास्त जाड दोरा गुंडाळा, किंवा एकावर एक दोन थर द्या. नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची आदिती स्वामी 2023मध्ये बर्लिनला ज्या कंपाउंड धनुष्यांनी जगज्जेते झाले, त्यांची दोरी यांत्रिक खटक्याने सुटते आणि नॉकची मापे कारखान्यातच ठरलेली असतात. पण आपल्याकडे ‘इंडियन राउंड’मध्ये लाकडी-बांबूचे धनुष्य घेऊन बोटांनी दोरी ओढणारी मुलेही आहेत. त्यांच्या प्रशिक्षकांच्या खिशात एक दोऱ्याचे रीळ आणि एक पॉलिश पेपरचा तुकडा असायलाच हवा.