सिनेमाचा धंदा : आधी गिऱ्हाईक की आधी माल?

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकणच्या पट्ट्यात आपल्या समाजाची पुष्कळ घरे गॅरेज, फॅब्रिकेशन, भंगार, शिलाई आणि कापड या धंद्यांवर चालतात. अशा घरातला मुलगा "मला सिनेमात जायचे आहे" असे म्हणाला की सहसा दोनच गोष्टी होतात. एक तर बाप त्याला दटावून दुकानावर बसवतो, नाही तर आई दागिना मोडून त्याला मुंबईला पाठवते. पण हा धंदा चालतो कसा, पैसा कोठून येतो आणि किती दिवसांनी येतो, याची चौकशी कोणी करत नाही. सिनेमा जायज की नाजायज, हा प्रश्न उलेमांचा आहे. आम्ही व्यापारी माणसे, म्हणून येथे फक्त व्यवहाराची बाजू मांडत आहोत.

मालेगावचा दाखला

मालेगाव म्हणजे यंत्रमागाचे गाव. आम्हा कापडवाल्यांना ते कोऱ्या कापडामुळे माहीत आहे. जुम्म्याला माग बंद असतात आणि कारीगर करमणुकीसाठी बाहेर पडतो. तेथे नासिर शेख यांचे व्हिडिओ पार्लर होते. आपल्या गावच्या माणसाला कोणता सिनेमा आवडतो, कोठे तो हसतो आणि कोठे उठून जातो, हे त्यांनी रोज डोळ्यांनी पाहिले होते. २००० साली त्यांनी 'मालेगाव के शोले' हा विनोदी सिनेमा काढला. खर्च सुमारे ५० हजार रुपये सांगितला जातो. नट गावचेच, कॅमेरा साधा व्हिडिओचा. पुढच्या सिनेमांत तर सायकलवर कॅमेरा धरून ट्रॉलीचे काम भागवले आणि बैलगाडीची क्रेन केली.

लोकांना या जुगाडाचे कौतुक वाटते. आमच्या मते खरी हुशारी दुसरीकडे आहे. नासिरभाईंकडे गिऱ्हाईक आधी होते, माल त्यांनी नंतर तयार केला. पडदा स्वतःचा, प्रेक्षक ओळखीचा आणि मूळ कथा सर्वांना पाठ. कोणत्याही चांगल्या दुकानदाराची हीच रीत असते.

परंतु खतावणीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ५० हजारांच्या खर्चात नटांची मजुरी जवळजवळ धरलेलीच नाही. कारीगर मागावरून सुटून हौसेने काम करीत होते. हौसेचे काम एक-दोन सिनेमे चालते, त्यावर घर चालत नाही. 'मालेगाव का सुपरमॅन' या सिनेमात सुपरमॅन झालेला शफीक शेख हा मागावर काम करणारा तरुण होता. पुढे तो तोंडाच्या कर्करोगाने वारला. या सिनेमाच्या निर्मितीवर फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. तो परदेशांतही दाखवला गेला आणि २०१२ साली भारतातल्या चित्रपटगृहांत लागला. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच मंडळींच्या जीवनावर रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' प्रदर्शित झाला. नाव जगभर झाले, पण मालेगावात व्हिडिओ पार्लरचा जमाना संपला होता. आज तिकडचे कलाकार मोबाइलवर पाहण्याचे छोटे विनोदी सिनेमे करतात आणि 'छोटू दादा'चे असे सिनेमे कोट्यवधी वेळा पाहिले गेले आहेत. दुकान बदलले, पण आधी गिऱ्हाईक ओळखण्याची रीत तीच राहिली.

जमीन विकून केलेला सिनेमा

याउलट दाखलाही आहे. भाऊराव कऱ्हाडे यांनी मेंढपाळांच्या जीवनावरच्या 'ख्वाडा' या सिनेमासाठी स्वतःची शेतजमीन विकली. ६२ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला दोन पुरस्कार मिळाले आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये तो चित्रपटगृहांत लागला. हिंमत मोठी, यात शंका नाही. पण हा माल आधी आणि गिऱ्हाईक मागाहून असा व्यवहार होता. एकाची अशी जमीन सार्थकी लागली, म्हणून दहा जणांनी दुकान विकावे असा हिशेब निघत नाही.

मराठी सिनेमाला सरकारी अनुदान मिळते, असे मुलांना कोणीतरी सांगितलेले असते. ते खरे आहे. पण ते सिनेमा पूर्ण होऊन, सेन्सॉरचे प्रमाणपत्र मिळून आणि समितीने दर्जा ठरवल्यावर मिळते. ते भांडवल नव्हे. त्या भरवशावर व्याजी कर्ज काढणे म्हणजे दीन आणि दुनिया दोन्हींचे नुकसान.

नोकरीतून ठेक्याकडे

पूर्वी सिनेमा ही महिन्याच्या पगाराची नोकरी होती. प्रभात कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यात आली, तेव्हा नट, सुतार, रंगारी सगळे कंपनीचे पगारी नोकर होते. त्याच जागेत १९६० पासून सरकारी फिल्म संस्था आहे. फळांच्या व्यापाऱ्याचा मुलगा युसूफ खान पुण्याच्या लष्करी कँटीनमध्ये काम करीत होता. १९४२ साली तो बॉम्बे टॉकीजमध्ये पगारावर लागला आणि दिलीपकुमार झाला. आता ती कंपनी-पद्धत राहिली नाही. प्रत्येक काम ठेक्याचे, काम संपले की नाते संपले. चाकणच्या कारखान्यांत कायम कामगार कमी होऊन ठेकेदाराची माणसे वाढली, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. सिनेमात तेच खूप आधी घडले.

त्यात मालिकांच्या धंद्यात नटाला पैसे ९० दिवसांनी देण्याचा रिवाज आहे. आपण कापडवाले ९० दिवसांची उधारी समजू शकतो, कारण आपल्याजवळ माल आणि भांडवल असते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाने तीन महिने काय खावे? म्हणून मुंबईला जाणाऱ्याजवळ निदान सहा महिन्यांचा खर्च आणि हातात दुसरा हुनर असावा.

कारीगरांसाठी

पडद्यावर एक चेहरा दिसतो, त्याच्या मागे शिंपी, सुतार, रंगारी, वेल्डर, इलेक्ट्रिशियन आणि ड्रायव्हर असतात. चांगला मास्टर शिंपी ऐतिहासिक मालिकेचे अंगरखे शिवू शकतो, भोसरीचा वेल्डर सेटचा सांगाडा उभा करू शकतो. नट होण्याच्या नशिबापेक्षा हा रोजगार अधिक भरवशाचा आहे. मात्र माल देताना निम्मा ॲडव्हान्स घ्यावा आणि बाकीची तारीख कागदावर लिहून घ्यावी. सिनेमा कंपनीचे नाव मोठे असले, तरी उधारी ती उधारीच.

काही सावधगिरीच्या गोष्टी

भूमिका देण्यासाठी जो पैसे मागतो, तो भूमिका देत नसतो. नोंदणी, फोटो, 'कार्ड' अशा नावांनी हजारो रुपये काढले जातात. काम देणारा पैसे देतो, घेत नाही, एवढा नियम लक्षात ठेवला तरी पुष्कळ घरे वाचतील.

कथा लिहिणाऱ्याने ती कोणाला ऐकवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवावी. तोंडी वचनावर काम करू नये. कर्ज असो वा सौदा, लिहून घ्या आणि साक्षीदार ठेवा, ही तर आपल्या दीनची शिकवण आहे.

अभिनय शिकायचा असेल तर पहिले पाऊल मुंबईला नको. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धा होतात, कॉलेजच्या मुलांसाठी पुण्यात पुरुषोत्तम करंडक आहे, पिंपरीत अत्रे रंगमंदिर आणि चिंचवडला मोरे प्रेक्षागृह आहे. तेथे दोन-तीन वर्षे घासून पाहावे. घरची रोटी खाऊन तिकीट काढणारा प्रेक्षक मिळतो की नाही, ते तेथे कळते.

पालकांना आमची विनंती आहे, की मुलाला दटावण्याआधी किंवा दागिना मोडण्याआधी त्याच्याबरोबर बसून कागदावर हिशेब मांडा. भांडवल किती, गिऱ्हाईक कोण, वसुली केव्हा. या तीन प्रश्नांची उत्तरे त्याच्याजवळ असतील, तर तो स्वप्नाच्या मागे नव्हे, धंद्याला निघाला आहे असे समजा आणि दुआ देऊन पाठवा. उत्तरे नसतील, तर त्याला वर्षभर दुकानावर बसू द्या. खरेदी, विक्री आणि वसुली शिकलेला मुलगा सिनेमातही सहसा फसत नाही.