गतिरेखाटन

हलत्या किंवा क्षणभर स्थिरावलेल्या सजीव आकृतीची हालचाल, तोल व शरीरभाराची दिशा अत्यल्प वेळात मोजक्या रेषांनी नोंदविण्याची चित्राभ्यासपद्धती. तिला इंग्रजीत ‘जेस्चर ड्रॉइंग’ म्हणतात. एका रेखाटनासाठी सामान्यतः अर्ध्या मिनिटापासून दोन-तीन मिनिटांपर्यंतचा अवधी घेतात. मराठी चित्रकारांत ‘स्केच’ वा ‘शीघ्ररेखाटन’ हे शब्द रूढ असले, तरी येथे शीघ्रता हे केवळ साधन होय. वेळ कमी असल्यामुळे चित्रकाराला अनावश्यक तपशील टाळून आकृतीतील मुख्य क्रियेकडे पाहणे भाग पडते.

हिंगोली व वसमत येथील हळदीच्या बाजारात पोते उचलणारा हमाल हे याचे बोलके उदाहरण होय. नवशिका प्रथम त्याचा चेहरा, मग खांदा, मग हात अशा क्रमाने बाह्यरेषा काढीत जातो. पाय काढायची वेळ येईपर्यंत हमाल निघून गेलेला असतो आणि कागदावर पोते पाठीला चिकटविल्यासारखे दिसते. गतिरेखाटनात क्रम उलटा असतो. मानेपासून भार पेलणाऱ्या टाचेपर्यंत जाणारा पाठीचा बाक एका रेषेत, त्यानंतर खांद्यांचा व कमरेचा परस्परविरुद्ध कल, मग ओझ्याचे आकारमान आणि वेळ उरल्यास हात. चेहरा बहुधा राहूनच जातो, आणि त्याने काही बिघडत नाही.

या पद्धतीची शिस्तबद्ध मांडणी अमेरिकन कलाशिक्षक किमॉन निकोलाइडीझ यांनी केली. त्यांचे द नॅचरल वे टू ड्रॉ हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर 1941 मध्ये प्रसिद्ध झाले. वस्तू कशी दिसते यापेक्षा ती काय करीत आहे हे रेखाटावे, असा त्यांच्या शिकवणीचा आशय होता. पद्धतीचे नाव नवे असले, तरी सवय जुनी आहे. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत (स्थापना 1857) शिकलेले व पुढे तेथेच अध्यापन केलेले म. वि. धुरंधर (1867–1944) यांनी लोकजीवनाची विपुल रेखाटने केली. ऑटो रॉथफेल्ड यांच्या विमेन ऑफ इंडिया (1920) या ग्रंथातील त्यांची चित्रे प्रसिद्ध आहेत. शांतिनिकेतनात नंदलाल बोस लहान कार्डांवर येता-जाता दिसलेली माणसे व जनावरे टिपत असत.

प्रगतीचा खरा आधार नियमितता हा आहे. आठवड्यातून एकदा तीन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटे रेखाटणे अधिक फलदायी ठरते. विभागून केलेला सराव एकगठ्ठा सरावापेक्षा चांगला टिकतो, हे हेर्मान एबिंगहाउस यांनी स्मरणाविषयीच्या प्रयोगांतून 1885 मध्येच दाखविले होते. रेखाटनालाही हे लागू पडते; कारण सरावाने हाताइतकीच, किंबहुना अधिक, नजर घडत असते. अर्ध्या मिनिटाची दहा, एका मिनिटाची पाच व दोन मिनिटांची चार-पाच रेखाटने एवढा दिनक्रम पुरेसा आहे. खोडरबर वर्ज्य करावा, पेन्सिल मागे धरून हात खांद्यापासून फिरवावा आणि दृष्टी कागदापेक्षा आकृतीवर अधिक ठेवावी. एकाच कडेवर पुनःपुन्हा आखूड रेघा मारून ती केसाळ करणे, हा फार आढळणारा दोष अनिश्चित निरीक्षणातून येतो. दुसरा दोष म्हणजे कललेली आकृती नकळत सरळ करणे. त्यावर उपाय म्हणून कल किंचित वाढवून काढावा.

शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट रेखाकला परीक्षांमुळे ग्रामीण भागातही चित्रकलेची गोडी पसरली. तथापि परीक्षेतील चित्राला नीटनेटकेपणा व रंगकामाची सफाई लागते, त्यामुळे वेड्यावाकड्या दिसणाऱ्या जलद रेखाटनांना विद्यार्थी बिचकतो. वस्तुतः स्मरणचित्रातील काठीसारख्या ताठ माणसांवर हाच इलाज आहे. परभणीपासून 1 मे 1999 रोजी वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यासारख्या भागातील विद्यार्थ्याला महानगरातील कलाशाळेप्रमाणे प्रतिमान समोर बसवून शिकविणारा वर्ग सहसा मिळत नाही. ही उणीव खरी असली, तरी या अभ्यासापुरती ती भरून काढता येते. औंढा नागनाथ येथील यादवकालीन मंदिराच्या बाह्य भिंतींवरील मूर्ती हे न थकणारे प्रतिमान होय. त्रिभंग म्हणजे मान, कंबर व गुडघा येथे वळलेली शरीरस्थिती. अशा मूर्तीवरून भार एका पायावर आला की कमर कोणत्या बाजूला उचलली जाते, हे सावकाश ताडून पाहता येते. मात्र दगडातील मूर्ती वाट पाहते, माणूस पाहत नाही. म्हणून मंदिरानंतर बाजार गाठलाच पाहिजे. दसऱ्यात हिंगोलीच्या रामलीला मैदानावर जमणारी गर्दी, आठवडी बाजार, एस. टी. स्थानकावर ताटकळलेले प्रवासी, हे सर्व उपयोगी पडते. छायाचित्रावरून वेळ लावून काढणे अडचणीत चालते. परंतु छायाचित्रात भार जाणवत नाही, केवळ कडा दिसते.

हलत्या आकृतीबाबत एक युक्ती उपयुक्त ठरते. पाणी पिणारा बैल, रवंथ करणारी म्हैस किंवा खुरपणारी स्त्री त्याच त्या स्थितींत पुनःपुन्हा येतात. एकाच पानावर चार रेखाटने आरंभून ठेवावीत आणि जी स्थिती परत येईल, तिच्या रेखाटनात भर घालावी. प्रत्येक पानावर दिनांक लिहून महिन्याभराची पाने एकत्र पाहिली असता बदल दिसू लागतो; तो बहुधा आधी पायांत दिसतो. आकृत्या कागदावर तरंगेनाशा होतात आणि जमिनीवर उभ्या राहतात.